शौकिया खत्तातांनी आपले ऑनलाईन दालन कसे लावावे?

यंत्रामुळे बंद पडल्या असे आपण समजत होतो अशा हस्तकलांपैकी एक म्हणजे खत्ताती, अर्थात उर्दू-अरबी सुलेखन. उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत एके काळी कातिबांची रांग बसत असे. बोरूच्या लेखणीने ते संबंध पान हाताने लिहीत आणि त्यावरून छपाई होई. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांचे 'नूरी नस्तालीक' संगणकावर आले, १९९४ साली 'इनपेज' हे सॉफ्टवेअर निघाले आणि पुढील काही वर्षांत कातिबांची रोजीरोटी गेली. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक त्यानंतरही हाताने लिहिले जात राहिले, पण तो अपवाद होय.

आज हीच कला दुसऱ्या दाराने परत येत आहे. घराच्या दारावरील नावाची पाटी, दिवाणखान्यात लावण्यासाठी आयतेची फ्रेम, निकाहाची भेट, मदरशाच्या सनदेवरील मजकूर अशा कामांसाठी लोक हाताने लिहिलेले अक्षर मागतात. ते लिहिणारे बहुतेक शौकिया आहेत. कोणी विद्यार्थी, कोणी शिक्षिका, कोणी घर सांभाळून रात्री दोन तास लेखणी धरणारी भगिनी, तर कोणी दिवसा दुकानात बसणारा तरुण. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या केंद्रांतून खत्ताती शिकलेलेही त्यांत आहेत. त्यांच्यापाशी दुकान नाही आणि शोरूमही नाही. मोबाईलवरील चित्रांचे दालन हेच त्यांचे दुकान. ते दालन कसे लावावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ढीग आणि दालन

बहुतेक शौकिया कलावंतांची चित्रे ज्या दिवशी काढली त्या क्रमाने एकावर एक पडलेली असतात. परवाची मोठी फ्रेम, त्याखाली ईदच्या शुभेच्छा, त्याखाली भावाच्या लग्नाचा फोटो, त्याखाली दोन वर्षांपूर्वीचा कच्चा सराव. गिऱ्हाईक त्यांतून बोट फिरवत फिरवत एका चित्रावर थांबते आणि विचारते, "हे कितीला?" कलावंत म्हणतो, "ते जुने आहे, आता तो कागद मिळत नाही." दुसऱ्या चित्राबद्दल सांगतो, "ते उस्तादांचे पाहून लिहिले होते." तिसऱ्याबद्दल म्हणतो, "त्याची किंमत आता आठवत नाही." एवढ्यात गिऱ्हाईक निघून जाते. किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच अपेक्षा मनात धरून ऑर्डर देते, आणि माल हाती आल्यावर तक्रार करते.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट लवकर कळते. दुकानातील सगळे ठाण एका जागी ओतले तर गिऱ्हाईक गोंधळते. म्हणून आम्ही सॅम्पल बुक ठेवतो. त्यातील प्रत्येक तुकड्याला डिझाईन नंबर असतो, पन्हा लिहिलेला असतो, दर ठरलेला असतो. सॅम्पल दाखवणे म्हणजे 'असाच माल देईन' असे वचन देणे. सॅम्पलप्रमाणे माल नसेल तर गठ्ठा परत येतो आणि पेढीचे नाव जाते. कलावंताचे दालन हेही सॅम्पल बुकच आहे. तेथे लावलेले प्रत्येक चित्र हे एक वचन आहे, हे एकदा ध्यानात घेतले की काय ठेवावे, काय काढावे, खाली काय लिहावे, हे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

ही कल्पना नवीन नाही. इराण आणि मोगल हिंदुस्तानात 'मुरक्का' तयार करीत. निरनिराळ्या खत्तातांचे कित्ते आणि चित्रकारांची चित्रे निवडून, सारख्या मापाच्या हाशियात बसवून त्यांची एक जिल्द बांधली जाई. चित्रासमोर चित्र आणि खत्तातीसमोर खत्ताती येईल अशी पाने लावण्याची काळजी घेतली जाई. जहांगीर बादशहाच्या काळातील 'मुरक्का-ए-गुलशन' तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात जतन केलेला आहे. दरबारात कागदांची कमतरता नव्हती. तरीही मुरक्क्यात कागद निवडूनच घेतला जाई.

निवड : मश्क, नकल आणि स्वतःचे काम

पहिले काम निवडीचे. जुन्या खत्तातांनी यासाठी एक सोपी आणि प्रामाणिक पद्धत घालून दिली आहे. ते सहीबरोबर एक अरबी शब्द लिहीत. 'कतबहू' म्हणजे हे अमुक याने लिहिले. 'नकलहू' म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणावरून याची नक्कल केली. 'मश्कहू' म्हणजे हा सराव केला. उस्मानी परंपरेत तर उस्तादाकडून इजाजत मिळाल्याशिवाय शागिर्द आपल्या लिखाणावर सही करीत नसे.

आपल्या दालनाचेही हेच तीन भाग करावेत. सरावाची पाने ऑर्डरच्या दालनात ठेवू नयेत. ती ठेवायचीच असतील तर 'मश्क' असे स्पष्ट लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवावीत. एखाद्या उस्तादाचा किंवा परदेशी खत्ताताचा नमुना समोर ठेवून लिहिले असेल, तर त्याखाली मूळ खत्ताताचे नाव द्यावे आणि त्यावर ऑर्डर घेऊ नये. मुख्य दालनात फक्त स्वतःची रचना असलेले आणि आज पुन्हा तसेच करून देता येईल असे काम ठेवावे.

प्रत्येक चित्राला तीन प्रश्न विचारावेत. हे मी स्वतः रचले आहे काय? हे मी आज पुन्हा एवढेच चांगले करून देऊ शकतो काय? हे मला पुन्हा करावेसे वाटते काय? तिसरा प्रश्न शौकिया माणसासाठी फार महत्त्वाचा आहे. जे काम करताना जीव कंटाळला, ते दालनात दर्शनी लावले तर तशाच ऑर्डरी येत राहतील, आणि शौक मारला जाईल. तिन्ही प्रश्नांना 'होय' असेल तेच ठेवावे. अशी १५-२० चित्रे निघाली तरी पुरेत. शंभर चित्रांतून ती वीस शोधण्याचे काम गिऱ्हाईकावर टाकू नये.

कप्पे कसे पाडावेत

कलावंत आपले काम खतानुसार लावतो : नस्तालीक, नस्ख, सुल्स, कूफी, दीवानी. त्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण बहुतेक गिऱ्हाइकांना या खतांची नावे ठाऊक नसतात. ते येतात ते गरज घेऊन : "दारावर पाटी हवी", "बहिणीच्या निकाहात द्यायचे आहे", "मुलाच्या अकीक्याला नाव लिहून हवे". म्हणून वरचे कप्पे गरजेप्रमाणे पाडावेत आणि खताचे नाव प्रत्येक चित्राखाली द्यावे. बहुतेकांना पुढील पाच कप्पे पुरतात :

१. घराच्या आणि दुकानाच्या पाट्या
२. आयती आणि दुआ यांच्या फ्रेम
३. निकाह, अकीका अशा प्रसंगांची नावे
४. शेर आणि सुभाषिते
५. तयार माल, म्हणजे लिहून झालेला आणि लगेच मिळणारा

पाचवा कप्पा नेहमी वेगळाच ठेवावा. तयार माल आणि ऑर्डरचा नमुना एकत्र असले की गिऱ्हाईक फसते. नमुना पाहून त्याला वाटते की हीच वस्तू मिळणार, आणि प्रत्यक्षात हाताने दुसरी लिहिलेली येते. दोन हातांच्या लिखाणात फरक राहणारच. एकाच हाताच्या दोन लिखाणांतही थोडा राहतो. 'नमुना : याच पद्धतीचे नवे लिहून मिळेल' आणि 'तयार : हीच वस्तू मिळेल' हे दोन शिक्के असावेत. तयार वस्तू विकली गेली की त्याच दिवशी 'विकली' असे लिहावे.

चौथ्या कप्प्याबद्दल एक सूचना. भारतात साहित्यावरील कॉपीराईट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. गालिब किंवा इक्बाल यांचे शेर लिहून विकायला हरकत नाही. पण फैज १९८४ साली वारले, त्यामुळे त्यांच्या कलामावरील हक्क अद्याप आहे. हयात शायरांचे तर विचारायलाच नको. अशा ओळी परवानगीवाचून लिहून विकू नयेत.

नंबर आणि नोंद

प्रत्येक चित्राला एक नंबर द्यावा, आणि तो कधीही बदलू नये. आमच्याकडे डिझाईन बंद झाले तरी त्याचा नंबर दुसऱ्या कापडाला देत नाहीत. नंबरची पद्धत साधी असावी : कप्प्याचे अक्षर, वर्ष आणि अनुक्रम. उदाहरणार्थ, 'पा-२५-०७' म्हणजे पाटी, २०२५ साल, सातवे काम. मोबाईलमधील फोटोच्या फाईललाही हेच नाव द्यावे. म्हणजे "तुमच्या त्या हिरव्या पाटीसारखी करा" असा निरोप आला की कोणती हिरवी पाटी, याची विचारपूस करण्यात दिवस जाणार नाही.

चित्राखाली पुढील गोष्टी लिहाव्यात : नंबर, खताचे नाव, इंचांत माप, कागद की कॅनव्हास की लाकूड, शाई किंवा रंग, फ्रेमसह की फ्रेमशिवाय, किंमत कितीपासून, आणि किती दिवसांत मिळेल. सहा-सात ओळींचे हे कार्ड एकदा तयार केले की तेच सर्वत्र वापरता येते.

किंमत लपवू नये. "किंमतीसाठी मेसेज करा" असे लिहिणारे पुष्कळ असतात. गिऱ्हाइकाला त्यातून असेच वाटते की माणूस पाहून भाव सांगितला जातो. नक्की आकडा देणे शक्य नसेल तर मापाप्रमाणे तीन दर द्यावेत : लहान, मध्यम, मोठे. किंमत कशी काढावी, हेही पाहू. समजा १२ बाय १८ इंचांच्या फ्रेमला कागद, शाई आणि फ्रेम मिळून ६०० रुपये लागतात, लिहायला ८ तास लागतात आणि आपण तासाला १०० रुपये धरतो, तर ८०० रुपये मेहनताना झाला. पॅकिंग आणि पाठवणी २०० रुपये धरली तर एकूण १,६०० रुपये होतात. शौकिया कलावंत मेहनतान्याचा आकडा सोडून देतात आणि ८०० रुपयांत फ्रेम देतात. त्यामुळे स्वतःचे तर नुकसान होतेच, पण ज्यांचे पोट या कलेवर आहे अशा जुन्या कातिबांचा भावही पडतो. शौक म्हणून फुकट लिहून द्यायचे असेल तर खुशाल भेट द्यावे. विकायचे असेल तर योग्य दामाने विकावे.

फोटो आणि सचोटी

एका कामाचे तीन फोटो पुरतात. पहिला संपूर्ण वस्तूचा, समोरून सरळ घेतलेला. दुसरा जवळून, ज्यात लेखणीची कत आणि शाईचा पोत दिसेल. तिसरा भिंतीवर लावलेला, ज्यावरून आकार समजेल. फोटो दिवसा, खिडकीच्या बाजूच्या उजेडात घ्यावा. फ्लॅश वापरू नये, कारण सोनेरी रंगावर त्याचा पांढरा डाग पडतो. काचेत खोलीचे प्रतिबिंब येत असेल तर फ्रेम करण्याआधीच फोटो घेऊन ठेवावा. इन्स्टाग्रामने २०२५ च्या जानेवारीत चौकोनी चौकटी काढून उभ्या चौकटी आणल्या, तेव्हा अनेकांच्या जुन्या चित्रांच्या कडा कापल्या गेल्या. म्हणून चित्राभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून फोटो घ्यावा आणि मूळ फोटो आपल्यापाशी वेगळा जपून ठेवावा.

रंग खुलवणाऱ्या फिल्टरपासून दूर राहावे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी थांबले, त्यात हात घातला तो आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याविषयी कडक शब्द उच्चारले. ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे आणि प्रत्येक व्यापाऱ्याला ती माहीत असते. मोबाईलवरील दालनात गिऱ्हाइकाला हात घालून पाहता येत नाही. म्हणून ओल दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते. सोनेरी रंग वापरला असेल तर 'सोनेरी रंग' लिहावे, 'वर्ख' लिहू नये. संगणकावर अक्षर काढून छापले असेल तर 'छापील' लिहावे, 'हस्तलिखित' म्हणू नये. छापील विकण्यात गैर काही नाही. ते हाताने लिहिलेले म्हणून विकण्यात आहे.

आयतेची जबाबदारी

खत्तातीच्या दालनाला एक जबाबदारी अशी आहे की जी इतर चित्रकारांना नसते. पवित्र कुरआनची आयत लिहिताना एखादा नुक्ता सुटला, झेरच्या जागी झबर पडला, तर अर्थ बदलू शकतो. फ्रेम एका घरात लागते, पण दालनातील फोटो हजारो मोबाईलवर जातो, आणि पुढे कोणी त्याचीच नक्कल करतो. तेव्हा चूक दुरुस्त करणे आपल्या हाती राहत नाही.

म्हणून नियम असा ठेवावा की आयत पेन्सिलीने आखून झाल्यावर, शाई चढवण्यापूर्वी, एखाद्या हाफिज किंवा आलिम साहेबांकडून तपासून घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर छापील मुसहफाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. ही तपासणी झाल्याशिवाय फोटो दालनात लावू नये. रचना सुंदर दिसावी म्हणून शब्द वरखाली चढवण्याची रीत सुल्समध्ये जुनी आहे, पण वाचणाऱ्याला क्रम कळला पाहिजे. त्यासाठी चित्राखाली सूरहचे नाव आणि आयतेचा क्रमांक द्यावा. सरावाचे आणि बिघडलेले कागद कचऱ्यात जाणार नाहीत, याची व्यवस्थाही आधीच करून ठेवावी.

ऑर्डरच्या अटी

गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून वस्तू बनवून देण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. वस्तू अजून अस्तित्वात नसताना तिचा सौदा करणे एरवी जायज नाही. इस्तिस्ना आणि सलम हे त्याला अपवाद. सलममध्ये संपूर्ण रक्कम आगाऊ द्यावी लागते. हनफी फिकहप्रमाणे इस्तिस्नामध्ये तशी अट नाही. काही रक्कम आधी आणि काही नंतर चालते. मात्र वस्तू कोणती, कशाची, किती मापाची, कोणत्या गुणांची, हे स्पष्ट ठरले पाहिजे आणि किंमत ठरली पाहिजे. इमाम अबू यूसुफ यांच्या मताला अनुसरून उस्मानी राज्याच्या 'मजल्ला' या १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या कायद्यात असे ठरवले होते की एकदा ठरलेला इस्तिस्ना कोणत्याही एका बाजूने मोडता येत नाही. पण वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल तर गिऱ्हाइकाला ती न घेण्याचा अधिकार आहे. आपल्या व्यवहाराच्या बारकाव्यांविषयी आपल्या आलिमांना विचारावे. दालनाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते. चित्राखालचे कार्ड जितके स्पष्ट, तितका सौदा स्पष्ट आणि तितका तंटा कमी.

म्हणून दालनाच्या दर्शनी भागात 'ऑर्डरच्या अटी' असे एक पान लावावे. त्यात पुढील मुद्दे असावेत :

• मजकूर गिऱ्हाइकाने लेखी पाठवावा. नावाचे स्पेलिंग तोंडी घेतले जाणार नाही.
• बयाणा किती आणि केव्हा. काम सुरू झाल्यावर ऑर्डर रद्द झाल्यास काय.
• कच्चा आराखडा एकदा दाखवला जाईल आणि त्यात दोन वेळा बदल करता येईल. शाई चढल्यावर बदल होणार नाही.
• पाठवणीत काच फुटल्यास जबाबदारी कोणाची. शक्यतो काचेऐवजी ॲक्रिलिक वापरावे, किंवा कागद गुंडाळून नळीतून पाठवावा आणि फ्रेम गिऱ्हाइकाने आपल्या गावी करून घ्यावी.
• आपण काय करीत नाही. उदाहरणार्थ, दुसऱ्या कलावंताच्या कामाची नक्कल, सजीवांची चित्रे, किंवा चार दिवसांत तातडीचे काम.

शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत. 'हे करीत नाही' असे आधी लिहिलेले असले की नंतर नकार देताना नात्यात कटुता येत नाही. आपल्याकडे ऑर्डर देणारे निम्मे लोक नात्यातले किंवा मोहल्ल्यातले असतात, हे विसरून चालणार नाही.

चित्र दाखवण्याची परवानगी

दालनासंबंधी सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे कायदा. सर्वसाधारणपणे कलाकृतीचा कॉपीराईट ती करणाऱ्याचा असतो. परंतु १९५७ च्या कॉपीराईट कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढले, फोटो घेतला किंवा कोरीव काम केले, आणि उलट करार नसेल, तर कॉपीराईटचा पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. ऑर्डरच्या फ्रेमबाबतही असा दावा उभा राहू शकतो. म्हणजे ज्या कामाचा फोटो आपण अभिमानाने दालनात लावला, त्याबद्दल गिऱ्हाईक हरकत घेऊ शकते. आणि तीच रचना दुसऱ्यासाठी पुन्हा लिहिली तर वाद होऊ शकतो. कलम ५७ प्रमाणे, काम आपले आहे हे सांगण्याचा हक्क कलावंतापाशी राहतो, पण तेवढ्याने दालन चालत नाही.

उपाय सोपा आहे. ऑर्डरच्या अटींत दोन वाक्ये लिहावीत : 'रचनेचा कॉपीराईट कलावंताकडे राहील. कलावंत या कामाचा फोटो आपल्या दालनात लावू शकेल.' गिऱ्हाइकाकडून त्याला लेखी 'मंजूर' घ्यावे. व्हॉट्सॲपवर आलेला होकार जपून ठेवला तरी उपयोगी पडतो. मोठ्या ऑर्डरला सही घ्यावी.

परवानगी असली तरी अमानतीचा विचार सोडू नये. दारावरील पाटीत घराचे नाव आणि घर क्रमांक असतो. निकाहाच्या फ्रेममध्ये वधू-वरांची नावे आणि तारीख असते. त्या घरच्या लोकांनी आपल्याला नाव लिहायला दिले, गावभर दाखवायला दिले नाही. म्हणून नमुना दाखवताना खरे नाव झाकावे, किंवा त्याच रचनेत 'बिस्मिल्लाह' किंवा 'माशाअल्लाह' लिहून वेगळा नमुना तयार करावा. कलावंत भगिनींनी आपल्या घराचा पत्ताही दालनात देऊ नये, आणि ऑर्डरसाठी घरच्या नंबरापेक्षा वेगळा नंबर ठेवावा.

वेळेचे गणित

शौकिया माणसाचे भांडवल म्हणजे वेळ, आणि तोच सर्वांत कमी असतो. समजा आठवड्याला १० तास मिळतात. महिन्याचे ४० तास झाले. एका मध्यम फ्रेमला ८ तास लागतात, तर महिन्याला ५ फ्रेम होतील. आजारपण, पाहुणे, बिघडलेला कागद यांसाठी एक जागा मोकळी सोडली तर ४ ऑर्डरी घेता येतात. हा आकडा दालनात सर्वांत वर लिहावा : 'या महिन्यात ४ पैकी ३ जागा भरल्या आहेत.' जागा भरल्या की 'पुढील ऑर्डर अमुक महिन्यापासून' असे लिहावे. वायदा चुकवण्यापेक्षा ऑर्डर न घेणे केव्हाही बरे.

रमजान आणि ईदच्या आधी मागणी वाढते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हा हंगाम दरवर्षी अलीकडे सरकतो, हे लक्षात ठेवून 'ईदसाठी ऑर्डर शाबानच्या १५ तारखेपर्यंत' असा शेवटचा दिवस आधीच जाहीर करावा. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या आहेत. त्या कुरिअरच्या पार्सलांमागे जाऊ नयेत.

वही आणि जागा

दालनाच्या मागे एक वही हवी. व्हॉट्सॲपचे संभाषण ही वही नव्हे, कारण मोबाईल हरवला की तेही हरवते. वहीत हे रकाने आखावेत : ऑर्डरचा क्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, लिहायचा मजकूर, नमुन्याचा नंबर, माप, किंमत, बयाणा, देण्याची तारीख, दाखवण्याची परवानगी, दिल्याची तारीख. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतेत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण दिली आहे, आणि लिहिणाऱ्याला न्यायाने लिहिण्यास सांगितले आहे. ज्याची कलाच लिहिणे आहे, त्याने तरी व्यवहार तोंडी ठेवू नये.

दालन कोठे लावावे, हा प्रश्न शेवटी घेतला, कारण वरील सर्व तयारी झाली की तो लहान होतो. इन्स्टाग्रामवर चित्रे अनेकांना दिसतात. तेथे तीन चित्रे सर्वांत वर पक्की करता येतात. ती तीन म्हणजे एक उत्तम नमुना, दरांचा तक्ता आणि अटींचे पान अशी असावीत. हायलाईटमध्ये वर सांगितलेले पाच कप्पे पाडता येतात. जुनी चित्रे काढून न टाकता 'अर्काइव्ह'मध्ये ठेवता येतात. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ साली आले आणि २०१९ साली त्यात कॅटलॉगची सोय झाली. ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी ते अधिक सोयीचे आहे, कारण नंबर, फोटो, किंमत आणि बोलणी एकाच ठिकाणी राहतात. दोन्ही वापरायचे असतील तर नंबर आणि दर दोन्हीकडे एकच असावेत. मात्र ही सर्व जागा दुसऱ्याची आहे. खाते एखाद्या दिवशी बंद पडू शकते. म्हणून मूळ फोटो आणि वहीची प्रत वर्षवार फोल्डर करून दोन ठिकाणी ठेवावी.

काम वाढले तर कराचा विचार करावा लागेल. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये असली तरी परराज्यांत माल पाठवण्याचे नियम वेगळे आहेत. तेव्हा पहिली बाहेरची ऑर्डर घेण्यापूर्वीच आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

वर्षातून दोनदा स्टॉक तपासणी

दुकानात वर्षअखेर स्टॉक मोजतात, तसे दालनही वर्षातून दोनदा मोजावे. ज्या नमुन्याला वर्षभरात एकही विचारणा झाली नाही, तो काढावा. जो कागद किंवा रंग बाजारातून गेला, त्याचा नमुना काढावा. हात सुधारला असेल तर जुन्या कामाच्या जागी त्याच नमुन्याचे नवे काम लावावे. दर बदलले असतील तर सर्वत्र बदलावेत. काढलेली चित्रे नष्ट करू नयेत. वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत. आपली प्रगती पाहायला तीच उपयोगी पडतात, आणि जुने गिऱ्हाईक "मागच्यासारखेच द्या" म्हणाले तर तीच कामी येतात.

कातिबांची पिढी गेली तेव्हा त्यांच्यापाशी गिऱ्हाईक शोधण्याचे साधन नव्हते. वर्तमानपत्राची कचेरी बंद झाली की त्यांच्या हातातील हुनर घरी बसे. आजच्या खत्तातापाशी ते साधन आहे आणि त्याला मोबाईलपलीकडे फारसे भांडवलही लागत नाही. लागते ती शिस्त, आणि दाखवले तेच देण्याची नियत. ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री लेखणी घेऊन बसत असेल, त्या व्यापारी बंधूंनी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसावे. नंबर कसा द्यावा, वही कशी लिहावी, भाव कसा धरावा, हे आपल्याला पेढीवर शिकायला मिळाले आहे. तेवढे त्यांना सांगितले तरी पुष्कळ काम होईल. अल्लाह त्यांच्या लेखणीत आणि कमाईत बरकत देवो. आमीन.